चुंग लिंग सूवर एकांकिका लिहितो आहे: बंदुकीत नेमके काय बिघडले, आणि या माणसाला चोर म्हणावे की कलावंत?

विंगेतला माणूस (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. आमच्या शहापूरच्या हौशी मंडळींसाठी मी चाळीस मिनिटांची एक एकांकिका लिहीत आहे. तिचा नायक 'चुंग लिंग सू' या नावाने लंडनच्या रंगमंचावर अठरा वर्षे गाजलेला जादूगार आहे. ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी सांगतो की हा गृहस्थ चिनी नव्हताच. न्यूयॉर्कमध्ये १८६१ साली जन्मलेला विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन हा अमेरिकन माणूस कपाळावरचे केस भादरून, पाठीवर लांब वेणी सोडून, तोंडाला रंग फासून आणि अंगात रेशमी झगा घालून १९०० पासून मरेपर्यंत चिनी म्हणून वावरला. २३ मार्च १९१८ च्या शनिवारी रात्री लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर या नाट्यगृहात बंदुकीची गोळी बशीत झेलण्याचा खेळ करताना खरीच गोळी त्याच्या छातीत शिरली. इतकी वर्षे रंगमंचावर एकही इंग्रजी शब्द न उच्चारलेल्या या माणसाने तेव्हा, काहीतरी विपरीत घडले आहे, पडदा पाडा, असे स्वच्छ इंग्रजीत सांगितले. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, तो वारला.

मला हा विषय का भावला, तेही प्रामाणिकपणे सांगतो. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी माझी पंचवीस वर्षे गेली. टेबलावरची पाटी एका भाषेत आणि डब्यातल्या भाजीची चर्चा दुसऱ्या भाषेत, हे आपल्याकडे कुणालाच नवे नाही. त्यामुळे वेशीबाहेर एक आणि आत एक असे जगणारा हा माणूस मला पहिल्या वाचनातच ओळखीचा वाटला.

पहिला खर्डा वाचून झाल्यावर मात्र आमच्या नेपथ्यवाल्या मित्राने एका वाक्यात तो निकालात काढला: "हा माणूस लबाड होता की मोठा, ते तुलाच कळलेले नाही, मग प्रेक्षकांना काय कळणार?" तो म्हणतो ते खरे आहे. माझा खर्डा गोळी लागण्यापासून सुरू होतो आणि मागे मागे जातो, पण मागे गेल्यावर हाती फारसे काही लागत नाही. जाणकारांनी दोन बाबतींत मदत करावी. या माणसाची कारकीर्द नेमकी कशावर उभी होती, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. आणि त्या बंदुकीत काय बिघडले, हे असे समजून घ्यायचे आहे की ते मला रंगमंचावर शब्दांशिवाय दाखवता यावे.

जुना प्रेक्षक (टिळकवाडी)

आपण १९०० पासून सुरुवात करता आहात, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. त्या वर्षी रॉबिन्सन एकोणचाळीस वर्षांचा होता. म्हणजे त्याच्या आयुष्याचा निम्म्याहून मोठा भाग दुसऱ्यांच्या खेळामागे, विंगेत आणि रंगमंचाच्या फळ्यांखाली गेलेला होता, आणि चुंग लिंग सूची सारी विद्या त्याच काळातली आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत नाटक उभे केले, तेव्हा हा एकोणीस वर्षांचा पोरगा अमेरिकेत मिळेल तिथे छोटे खेळ करीत होता, असा हिशेब केला म्हणजे काळ डोळ्यांसमोर येतो.

तेव्हाच्या अमेरिकेत व्हॉडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता, आणि इंग्लंडात त्याचाच भाऊबंद म्हणजे म्युझिक हॉल. एका तिकिटात गाणे, नकला, कसरती, शिकवलेली कुत्री, आणि त्यातच एक जादूगार. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटे येत, आणि तेवढ्यात रंगला तर पुढच्या आठवड्याचे काम मिळे. अशा ठिकाणी जादूगाराला हातापेक्षा तोंड जास्त लागते. रॉबिन्सनचे हात उत्तम होते, पण बोलण्यात तो बेताचाच होता.

म्हणून तो मोठ्यांच्या पदरी राहिला. हॅरी केलर आणि अलेक्झांडर हरमन हे त्या काळचे अमेरिकेतले दोन सर्वांत मोठे जादूगार. एकमेकांचे हाडवैरी, आणि दोघांनाही रॉबिन्सन हवा असे, कारण नवे यंत्र बसवणे, जुने दुरुस्त करणे आणि खेळ वेळेवर उभा करणे यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हरमन डिसेंबर १८९६ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅडलेड हिने खेळ पुढे चालवला, आणि तिच्याकडेही रॉबिन्सनने काम केले.

आता तुमच्या कामाची गोष्ट. चिनी वेश हे त्याचे पहिले सोंग नव्हते. त्याआधी तो 'अहमद बेन अली' या नावाने पौर्वात्य पोशाखात उतरत असे, आणि तो खेळही मुळात माक्स आउत्झिंगर या जर्मन जादूगाराचा होता, जो स्वतःला 'बेन अली बे' म्हणवून घेई. खेळ असा: सगळा रंगमंच काळ्या मखमलीने मढवायचा, दिव्यांचा झोत कडेने प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येईल असा ठेवायचा, आणि नखशिखान्त काळ्या कपड्यांतल्या मदतनिसांकडून पांढऱ्या वस्तू हलवून घ्यायच्या. प्रेक्षकाला मेज, खुर्ची, फुलदाणी अधांतरी प्रकटताना दिसे, आणि त्या उचलणारा माणूस समोर उभा असूनही दिसत नसे. रॉबिन्सनच्या आयुष्याचे चित्र हवे असेल तर याहून चांगले मिळणार नाही. तुमच्याकडे काळा पडदा आणि दोन पार-लाइट, म्हणजे झोतदिवे, असतील तर हे शहापुरातही करता येईल.

बंदुकीबद्दल मी बोलत नाही, माझा तो प्रांत नाही. पण त्याचा खरा उत्तम खेळ गोळी झेलण्याचा नव्हता, एवढे नोंदवून ठेवतो. तो प्रेक्षकांच्या डोक्यावरून मासे धरीत असे. लांब काठीचा गळ पुढच्या रांगांवरून फिरवायचा, आणि रिकाम्या हवेत एकाएकी आकड्याला सोनेरी मासा वळवळताना दिसायचा. तो काढून पाण्याच्या काचभांड्यात सोडला की पोहू लागे. आकड्याला दिसणारा मासा खोटा आणि भांड्यात पडणारा खरा, आणि या दोहोंमध्ये अर्ध्या क्षणाची हातचलाखी. बोलायचे कामच नाही. ज्याला बोलता येत नाही त्याने न बोलण्याचीच भूमिका शोधून काढली, याला मी तरी लबाडी म्हणणार नाही.

निपाणीचा वाचक

टिळकवाडीकरांचे उत्तर वाचनीय आहे, पण त्यात एक माणूस अजिबात आलेला नाही, आणि त्याच्यावाचून 'चोर की कलावंत' हा प्रश्न सुटणार नाही. तो म्हणजे खरा चिनी जादूगार, चिंग लिंग फू.

याचे खरे नाव झू लियानकुई. १८९८ साली ओमाहा येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने तो आपले पथक घेऊन अमेरिकेत आला. त्याचा गाजलेला खेळ असा: अंगावरचे वस्त्र झटकून दाखवायचे, जमिनीवर पसरायचे, आणि उचलले की खाली पाण्याने काठोकाठ भरलेले अजस्र पातेले. ते सगळे ओझे तो झग्याखाली पायांमध्ये धरून रंगमंचावर चालत येत असे आणि चालीत काही कळू देत नसे. हे करून दाखवणाऱ्यास एक हजार डॉलर, असे आव्हान त्याच्या नावाने जाहीर झाले. रॉबिन्सनने ते स्वीकारले, पण फूच्या बाजूने त्याला उभेही केले गेले नाही. १९०० मध्ये पॅरिसच्या फोली बर्जेर या नाट्यगृहाला चिनी जादूगार हवा होता, तेव्हा रॉबिन्सन आधी 'हॉप सिंग लू' म्हणून तिथे उभा राहिला आणि लगेच लंडनला 'चुंग लिंग सू' झाला. नावातले साम्य योगायोगाचे नाही, हे सांगायला नको.

आता यातला विरोधाभास पाहा. अमेरिकेत १८८२ पासून चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा होता आणि फूच्या पथकालाही राहण्याच्या परवानगीसाठी झगडावे लागले. म्हणजे जो खरा चिनी, त्याने कागदपत्रे दाखवायची, आणि ज्याने चिनी असल्याचे सोंग आणले, त्याच्यासाठी दारे सताड उघडी! १९०५ साली फू लंडनला आला तेव्हा दोघांची नाट्यगृहे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. फू एम्पायरमध्ये, सू हिपोड्रोममध्ये. फूने जाहीर आव्हान दिले, आणि एका वृत्तपत्राच्या कचेरीत दोघांनी समोरासमोर यायचे ठरले. सू आला, पत्रकारांपुढे खेळ करून मोकळा झाला. फू आलाच नाही, कारण त्याचे म्हणणे असे की हा आधी चिनी असल्याचे सिद्ध करू दे, मग जादूचे पाहू. लोकांनी सूलाच विजयी ठरवले. थोड्याच आठवड्यांत फूने लंडन सोडले.

तुमच्या खर्ड्यात फू आहे का? असेल तर तो हास्यास्पद प्रतिस्पर्धी म्हणून आहे का? तसे असेल तर कृपया बदला. त्याला एक पूर्ण प्रवेश द्या आणि त्या प्रवेशात त्याचे म्हणणे बरोबर असू द्या.

आणखी एक. कचेरीतली कन्नड आणि घरची मराठी यांची तुलना मला पटली नाही. आपल्याला दोन्ही भाषा येतात, आपण दोन्हींत भांडतो, दोन्हींत उधारी मागतो. रॉबिन्सनला चिनी येतच नव्हती. मुलाखतीत तो काहीतरी अर्थहीन पुटपुटे आणि शेजारचा दुभाषी त्याचे 'भाषांतर' करी. तो दुभाषी फुकाडो कामेतारो हाही जपानी! आपल्या सीमाभागाच्या दुःखाला एवढे स्वस्त करू नका.

खानापूरकडचा

बंदुकीचे मी सांगतो, कारण ती वस्तू आमच्या घरात होती. जांबोटीकडच्या रानालगत आमचे शेत. भात पोटरीवर आले की रानडुकरे उतरत, म्हणून आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे आणि मतमोजणी झाल्यावर परत आणावी लागे, आणि ती आणायला आजोबांबरोबर मी जात असे, म्हणून ती मला चांगली आठवते.

ठासणीची बंदूक भरताना नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग गोळी, आणि ते सगळे लोखंडी गजाने ठासून बसवायचे. हा गज एरवी नळीखालच्या बारीक पोकळीत खोचलेला असतो. नळीचे मागचे टोक जाड पेचाने बंद केलेले असते आणि त्याच्याजवळच ठिणगी पाडणारी टोपी बसवायची जागा. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बारीक छिद्रातून आत जाते आणि दारू पेटते.

रॉबिन्सनने केलेली करामत या छिद्रात होती. ठिणगीचा वरच्या नळीकडे जाणारा रस्ता त्याने बंद केला आणि तो खालच्या, म्हणजे गजाच्या पोकळीकडे वळवला. तिथे गोळीविना नुसती दारू. चाप ओढला की आवाज होई, धूर निघे, जाळ दिसे, पण तो खालच्या पोकळीतून. वरच्या नळीतली खरी दारू आणि खरी गोळी जागच्या जागी राहत असे. प्रेक्षकांनी खूण केलेल्या गोळ्या वाटेतच बदललेल्या असत आणि त्या आधीच सूच्या हातात पोहोचलेल्या असत. त्याने फक्त बशी पुढे धरायची आणि त्या बशीवर खणखणू द्यायच्या.

आता खेळ संपल्यावर भरलेली नळी रिकामी करायची कशी? एक तर गोळी झाडून टाकायची, नाही तर गजाला स्क्रूसारखा आकडा लावून तोंडाकडून गोळी ओढून काढायची. दोन्ही कटकटीचे. रॉबिन्सन तिसरा मार्ग वापरी: मागचा पेच उलगडायचा आणि दारू-गोळी मागून काढून घ्यायची. दारू वाया जात नाही, काम झटपट होते. पण बंदुकीचा हा पेच पुन्हा पुन्हा उघडण्यासाठी केलेलाच नसतो. वर्षानुवर्षे उघडझाप होऊन त्याचे आटे झिजले, आणि दारूची बारीक भुकटी त्या फटीत शिरून बसत गेली. २३ मार्चच्या रात्री खालच्या पोकळीतला जाळ त्या भुकटीवाटे वरच्या नळीत पोहोचला. दोन बंदुकांपैकी एकीतून खरी गोळी सुटली आणि उजव्या फुप्फुसातून गेली. चौकशीत रॉबर्ट चर्चिल या बंदुकांच्या जाणकाराने ती उघडून दाखवली आणि अपघाती मृत्यू असाच निकाल लागला. खून, आत्महत्या वगैरे कंड्या पुष्कळ पिकल्या, पण झिजलेल्या आट्यांपुढे त्या टिकत नाहीत.

आमच्या आजोबांनी मला एकदा त्या पेचाशी खेळताना पकडले होते. "काय करूलास रे? तो खोलायचा नसतोय," एवढेच म्हणाले, आणि पुढचे दोन महिने बंदूक माळ्यावर होती.

कडोलीची प्रेक्षक

वरची सर्व उत्तरे पुरुषांबद्दल आहेत, तेव्हा गोळ्या वाटेत कुणी बदलल्या ते मी लिहिते.

'सुई सीन' या चिनी नावाने रंगमंचावर वावरणारी ती चणीने अगदी लहान अशी बाई म्हणजे ऑलिव्ह, सगळे तिला डॉट म्हणत. तीही अमेरिकनच. जाहिरातीत ती सूची पत्नी, आणि केलर-हरमनच्या काळापासून ती रॉबिन्सनच्या बरोबर खेळांत होती. पेटीत शिरणारी, कढईतून प्रकट होणारी, बाण आरपार गेल्याचे भासवणारी ती हीच. गोळ्यांचे भांडे घेऊन प्रेक्षकांत जाणारी आणि परत येताना खूण केलेल्या गोळ्या नजर चुकवून बाजूला काढणारी तीही हीच. म्हणजे गोळी झेलण्याच्या या खेळातली खरी हातचलाखी सूची नव्हती, तिची होती.

आणि हे सारे चालू असताना रॉबिन्सनचा दुसरा संसार होता, दुसरी स्त्री आणि तीन मुले. रंगमंचावर मात्र रोज रात्री दोन वेळा डॉटच त्याची पत्नी. मी पाच-सहा गावच्या संमेलनांत एकांकिका केल्या आहेत आणि नायकाच्या मागे तबक घेऊन उभे राहण्याचा मला दांडगा अनुभव आहे, म्हणून विनंती करते की तिला पाच तरी वाक्ये द्या. तो रंगमंचावर मुका होता हे सगळ्यांनी लिहिले. तीही तिथे मुकीच होती.

जुना प्रेक्षक (टिळकवाडी)

निपाणीकरांचा आक्षेप मान्य. फू यायलाच हवा. मात्र केवळ वेश घेतला म्हणून रॉबिन्सनला वेगळे काढू नका. तो काळच तसा होता, आणि आपल्याकडे जादूगार गोगिया पाशा तुर्की टोपी घालून 'गिली गिली' करीत इजिप्तचा म्हणून मिरवलेच, त्यांना आपण डोक्यावर घेतले. फरक एवढाच की गोगियांच्या गल्लीत खरा इजिप्तचा जादूगार येऊन उभा राहिला नाही.

खानापूरकरांच्या माहितीला एक पुरवणी. या मृत्यूनंतर हॅरी हुडिनी या प्रसिद्ध जादूगाराच्या मनात हाच खेळ करण्याचे आले, तेव्हा केलरने, म्हणजे रॉबिन्सनच्या जुन्या मालकानेच, त्याला पत्र लिहून हा खेळ करू नकोस म्हणून कळवळून विनवले. हुडिनीने तो केला नाही. सू ज्या दिवशी वारला तो २४ मार्च हा हुडिनीचा वाढदिवस होता, हे आपले जाता जाता.

विंगेतला माणूस (शहापूर, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीकरांनी कान टोचले ते बरे झाले. कचेरीची तुलना काढून टाकली आहे आणि फूचा प्रवेश लिहायला घेतला आहे. त्यात तो वृत्तपत्राच्या कचेरीच्या दाराशी येतो, आत चाललेल्या टाळ्या ऐकतो आणि परत फिरतो. हे माझ्या कल्पनेतले आहे, पण त्याचे म्हणणे त्यात पूर्ण येते.

एकांकिका आता गोळीने सुरू होत नाही. पडदा उघडतो तेव्हा रात्रीचा खेळ संपलेला आहे. डॉट पायांतल्या सपाता काढून खूण केलेल्या गोळ्या मोजते आहे, आणि रॉबिन्सन वेणी खुंटीला टांगून, मांडीवर बंदूक घेऊन पेच उलगडतो आहे. दोघे उद्याच्या गाडीबद्दल बोलतात. प्रेक्षकांना त्या पेचाचे काही कळणार नाही. हाच प्रसंग तीनदा येईल, दर वेळी डॉट थोडी अधिक गप्प आणि पेच थोडा अधिक सहज फिरणारा. तिसऱ्या वेळी तो बोटांनीच फिरेल.

खानापूरकर, एकच अडचण उरली आहे. आपल्या आजोबांची बंदूक अजून असेल तर तालमीपुरती, अर्थात न भरता, मिळू शकेल काय? आमच्या नटाला ती मांडीवर धरण्याची सवय व्हायला हवी. आणि बार उडाल्याचा आवाज कसा काढावा?

खानापूरकडचा

आजोबांच्या पश्चात बंदूक सरकारजमा केली. असती तरी दिली नसती. सुताराकडून सागवानी करून घ्या, नळीला आतून शिसे भरा म्हणजे वजन बरोबर येईल. पेच मात्र लोखंडाचाच घ्या, वडगावातल्या एखाद्या लेथवाल्याकडून, आणि आटे मुद्दाम सैल पाडून मागा. तो फिरताना जो आवाज करतो तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.

बारासाठी विंगेत ओल्या फरशीवर फळी आडवी आपटा. फटाका नको.